समक्ष पाहिलेला मोर

सेवानिवृत्त मनुष्याने नातवंडांच्या उन्हाळी सुटीच्या नियोजनात स्वतः होऊन पडू नये, असे एखादे कलम निवृत्तिवेतनाच्या नियमावलीत पूर्वीच घालून ठेवले असते, तर महसूल खात्यात आवक-जावकीच्या टेबलापासून आरंभ करून अव्वल कारकुनाच्या खुर्चीपर्यंत चौतीस वर्षांत पोहोचलेल्या माझ्यासारख्या गृहस्थावर गेल्या वैशाखात जो प्रसंग गुदरला, तो गुदरला नसता. परंतु नियम करणाऱ्यांना बहुधा नातवंडे नसावीत, किंवा असलीच तर ती दुसऱ्या गावी राहणारी असावीत.

आमची नातवंडे तीन. थोरला तेरा वर्षांचा असून जगातील सर्व गोष्टी त्याला आधीच ठाऊक असतात. मधली दहा वर्षांची असून थोरल्याला ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट चुकीची आहे, हे तिला ठाऊक असते. आणि धाकटी सहा वर्षांची असून ती प्रश्न विचारते. परीक्षा आटोपताच थोरल्याने ताडोब्याचा प्रस्ताव दाखल केला. चंद्रपूर जिल्ह्यातील हे अरण्य 1955 सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे, ग्रीष्मात पाणवठे आटत आटत थोडकेच उरले म्हणजे वाघाला झक्कत त्यांवर यावे लागते, सबब व्याघ्रदर्शनास मे महिनाच प्रशस्त, असा सकारण मजकूर त्याने जोडला होता. मसुदा निर्दोष होता. इतका, की माझ्या हाताखालच्या एकाही कारकुनाने असा मसुदा उभ्या हयातीत माझ्यापुढे ठेवला नव्हता. तथापि पुणे ते चंद्रपूर प्रवास, तेथील मुक्काम, जंगलातले वाहन आणि वाटाड्या यांच्या खर्चाचा आकडा बेरजेच्या रेषेखाली उतरताच माझ्यातील अव्वल कारकून खडबडून जागा झाला आणि 'तूर्त तहकूब' असा शेरा मारून मी कागद परत केला. मधलीने मनालीचा बर्फ मागितला, तो तत्काळ नामंजूर झाला. वाघ आणि बर्फ ही दोन्ही एकाच ठिकाणी मिळावीत, अशी धाकटीची मागणी होती. तिचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्याचे आश्वासन देण्यात आले, आणि अशा आश्वासनाचा अर्थ काय असतो हे या खात्यात आयुष्य घालवलेल्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

यावर मी माझा स्वतःचा प्रस्ताव मांडला: नगरास, म्हणजे अलीकडे सरकारदप्तरी अहिल्यानगर झालेल्या शहरी, चार दिवसांचा मुक्काम, आणि त्यातील एक संपूर्ण दिवस, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, तेथून पंधरा-सतरा किलोमीटरवरील हिवरे बाजार या गावाच्या डोंगरांत वन्यजीवनिरीक्षण.

"माझ्या भावाकडे उतरायचं, त्याच्याकडे जेवायचं आणि मुलांना फुकटच्या टेकड्या दाखवायच्या, असं सरळ सांगा ना," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "एरवी माझ्या माहेरचं नाव काढलं की यांची कंबर धरते."

हा आरोप अर्धसत्य होता. काटकसरीखेरीज आणखी एक कारण माझ्या मनात होते, आणि ते मी कोणापाशी बोललो नव्हतो. नोकरीच्या पूर्वार्धात काही वर्षे मी त्याच जिल्ह्यातील एका कचेरीत होतो. त्या काळी हिवरे बाजार हे नाव आम्ही कारकून मंडळी एकमेकांस भीती घालण्यापुरते उच्चारत असू, कारण त्या गावी बदली म्हणजे शिक्षा असा सरकारी नोकरांत सार्वत्रिक समज होता. सह्याद्रीने पावसाचे सर्व दान कोकणात आणि मावळात उधळून रिकाम्या हातांनी पूर्वेस पाठवलेल्या ढगांचा हा मुलूख; वर्षाकाठी चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही लहरीने. 1972 च्या दुष्काळाने गावाचा कणा मोडला, डोंगर उघडे पडले, माणसे मजुरीसाठी परागंदा झाली, आणि जी मागे राहिली त्यांच्यापैकी पुष्कळांनी हातभट्टीचा आसरा घेतला. अशा भागातील गावांचे कागद माझ्या टेबलावर येत. अमुक विहिरी, तमुक झाडे, इतके क्षेत्र लागवडीखाली, आणि तळाशी छापील वाक्य: 'समक्ष पाहून खात्री केली.' त्याखाली मी सही करीत असे. पाहिले मी काय असेन तर खिडकीबाहेरचा कडुनिंब. बाकीची सर्व वनश्री मी विश्वासावर मंजूर केली होती. एवढी झाडे खरोखर लागली असती तर त्या टापूत दिवसाही कंदील घेऊन फिरावे लागले असते.

आणि मग ज्या गावाच्या नावाने आम्ही घाबरत होतो तेच गाव एकाएकी वर्तमानपत्रांतून झळकू लागले. तरुणपणी क्रिकेट गाजवलेले, वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले पोपटराव पवार 1989 साली तेथे सरपंच झाले. डोंगरउतारांवर समतल चर खणले गेले, ओढ्यानाल्यांवर बांध पडले, लाखो झाडे लागली आणि, हे विशेष, जगली. पुढे राज्याच्या आदर्श गाव योजनेत त्याचे नाव आले, परागंदा झालेली कुटुंबे परतली, 2020 सालच्या यादीत सरपंचांना पद्मश्री जाहीर झाली. जी झाडे मी कागदावर लावली आणि जी त्यांनी जमिनीत लावली त्यांच्यातील तफावत एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, ही माझी गुप्त मनीषा. नातवंडे हे निमित्त. असा आडपडदा ठेवून निघालेल्या प्रवासास यश यावे ही अपेक्षाच चुकीची होती.

निघण्यापूर्वी मी एक वही आखली. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राणिगणना करीत असते, त्याच धर्तीवर आमचीही गणना व्हावी म्हणून अनुक्रमांक, प्राण्याचे नाव, नग, वेळ, दिशा, शेरा असे सहा रकाने पाडून प्रत्येक पानाच्या तळाशी 'समक्ष पाहिले' असे लिहून सहीसाठी जागा सोडली. हात सरावाचा होता, आपोआप लिहून गेला.

नगरात पोहोचलो त्या संध्याकाळी मी मुलांना भुईकोट किल्ल्याकडे नेले आणि 1942 पासून पंडित नेहरू येथे कैदेत होते व त्या बंदिवासातच त्यांनी भारताचा शोध घेणारा आपला विख्यात ग्रंथ लिहिला, ही माहिती योग्य त्या गांभीर्याने दिली. "म्हणजे बाहेर सोडत नव्हते म्हणून त्यांना निबंध लिहावा लागला," मधली म्हणाली आणि आपल्या सुटीच्या गृहपाठाकडे प्रथमच समदुःखी दृष्टीने पाहू लागली. रात्री मेहुण्याकडे शिपी आमटी झाली. ती इतकी जहाल होती की धाकटीने आपली वाटी आजीच्या ताटाशेजारी सरकवून ठेवली आणि 'मला वाघ नको, पाणी पाहिजे' असे जाहीर केले. प्रवासाच्या मूळ हेतूशी सुसंगत असे त्या दिवसातील हे एकच वाक्य.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्ही निघालो. गाडी चिरंजीव हाकीत होते, शेजारी सूनबाई, मध्ये आम्ही उभयता व धाकटी, आणि मागे सामानाच्या बेचक्यात थोरला नि मधली. सौभाग्यवतींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचे पन्हे, कांदे आणि एक संपूर्ण कलिंगड घेतले होते. आपण अरण्यात एक दिवस चाललो आहोत की बारा वर्षांसाठी, हे विचारण्याचे धैर्य कोणास झाले नाही. उजाडता उजाडता गाव आले. तीन बाजूंनी डोंगर, आखीव रस्ते, स्वच्छ भिंती, आणि वैशाख असूनही डोळ्यांना निववणारी झाडी. मला काहीतरी बोलावेसे वाटत होते, तोच धाकटीने मुठीतली पन्नासाची नोट दाखवीत विचारले, "आजोबा, बाजार कुठाय?"

गावाच्या नावात बाजार आहे म्हणून गावात बाजार असलाच पाहिजे असे नाही, हे तिला पटेना. हिवरे हे नाव हिवराच्या झाडावरून पडले असावे असे माझे अनुमान मी सांगितले. त्यावर मग बाजारही झाडाचाच भरतो काय, असा तिचा पुढील प्रश्न. या मुलीस गप्प करण्याचा एकच उपाय होता, तो म्हणजे तिने विचारण्याआधी आपण बोलू लागणे. तेव्हा मी गाडीतल्या गाडीतच व्याख्यान आरंभिले. या गावाने एक पंचसूत्री स्वीकारली, म्हणून सगळे घडले, असे सांगून मी बोटे मोडू लागलो: "नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान आणि नसबंदी."

"नसबंदी म्हणजे काय?" धाकटीने विचारले.

गाडीत जी शांतता पसरली तिचे वर्णन करणे माझ्या लेखणीच्या आवाक्याबाहेरचे आहे. चिरंजीव अकस्मात रस्त्याकडे पराकाष्ठेच्या एकाग्रतेने पाहू लागले. सूनबाईंना डबे नीट लागले आहेत की नाहीत याची चिंता उत्पन्न झाली. सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती दृष्टी मी गेली अठ्ठेचाळीस वर्षे ओळखतो. तिचा अर्थ 'तुम्हीच सुरू केलंत, तुम्हीच निस्तरा' असा होतो. थोरल्याला उत्तर ठाऊक असावे, आणि ते तो देणार असावा, अशी भयंकर शंका मला आली. त्या क्षणी, बुडत्याने काडीस हात घालावा तसा, मी खिडकीबाहेर बोट रोखून ओरडलो:

"मोर! तो पाहा मोर!"

सारे बाहेर पाहू लागले. बाहेर बाभळीचे एक झुडूप होते, आणि त्यावर एक होला बसला होता, तोही आमचा गलका ऐकून उडाला. "कुठे?" "गेला." "केवढा होता?" "चांगला मोठा होता." मधलीने वही उघडली, पेन्सिल ओठांना लावली आणि एखाद्या कसलेल्या तपासनिसाच्या आवाजात विचारले, "आजोबा, दिशा कुठली लिहू?" मी नैऋत्य सांगितली. अनुक्रमांक 1, मोर, नग 1, नैऋत्य. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिले: 'फक्त आजोबांना दिसला.'

अशा रीतीने आमच्या गणनेचा पाया घातला गेला.

गाडी सावलीत लावून आम्ही पायवाटेने डोंगराकडे निघालो. थोरल्यास जलसंधारणाची कामे दाखवावीत म्हणून प्रथम एका पाझर तलावापाशी गेलो. तळे कोरडे होते. मध्यभागी एक ओलसर डाग आणि त्यावर आत्मविश्वासाने ओरडणारी एक टिटवी. मुलांचे चेहरे पडलेले पाहून मी खुलासा केला की, पाझर तलाव हा पाणी साठवण्यासाठी नसून जिरवण्यासाठी असतो. पावसाळ्यात धावत सुटलेले पाणी येथे अडते, हळूहळू भूगर्भात उतरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींत प्रकट होते. सबब वैशाखात तो रिकामा दिसणे हे त्याचे अपयश नसून त्याच्या कर्तबगारीचा दाखला आहे. थोरल्याने हे लक्षपूर्वक ऐकले. "म्हणजे आजोबा," तो म्हणाला, "माझा गणिताचा पेपर कोरा दिसला तर सगळं गणित आत जिरलंय असंच समजायचं ना?" चिरंजीवांनी हे ऐकले नसावे अशी आशा करून मी चालू लागलो.

त्यापुढील चढण मात्र खरोखर पाहण्यासारखी होती, आणि येथे मी विनोद क्षणभर बाजूस ठेवतो. उतारास आडवे, एकाच पातळीत खणलेले समतल चर डोंगराच्या कपाळावरील आठ्यांप्रमाणे एकाखाली एक गेले होते. वरून येणारा पावसाचा थेंब पहिल्या आठीत अडखळतो, तेथून निसटलाच तर दुसरीत, आणि मधल्या पट्ट्यात वाळलेल्या सोनेरी गवताची दाटी. हे गवत म्हणजे चराईबंदीचे अपत्य. गुरे डोंगरावर मोकाट सोडली की ती पाला खातात, खुरांनी माती उकरतात, आणि पहिल्याच वळवासरशी ती माती ओढ्यास मिळते; गवत कापून गोठ्यात नेले की मुळे जागच्या जागी राहतात, माती धरली जाते, आणि गुरेही पोटभर खातात. एकेकाळी दिवसाकाठी जेमतेम दीडशे लिटर दूध निघणाऱ्या या गावातून पुढे हजारो लिटर दूध बाहेर जाऊ लागले, ते या गवताच्या जोरावर. आणि गवत आले म्हणजे त्यात किडे आले, किड्यांमागे तित्तर आणि लावे आले, त्यांच्यामागे मुंगूस आणि कोल्हा आला. कोणासही निमंत्रणपत्रिका धाडावी लागली नाही. हरणांचे कळपच्या कळप पाहावयाचे असतील तर याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरीस जावे, तेथे काळविटांसाठी जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरांचे अभयारण्य 1980 साली राखले गेले आहे. परंतु माणसे नांदत असलेल्या गावाच्या उशाशी, कुंपणावाचून, केवळ गावसभेच्या शब्दावर राखलेले रान निराळे. ते पाहताना माझ्या टेबलावरचे ते छापील वाक्य आठवले, आणि मी जरा मागे रेंगाळलो.

"आजोबा दमले," धाकटीने पुकारा केला.

न्याहारी एका हिवराच्या सावलीत झाली. तोवर वहीत बऱ्याच नोंदी झाल्या होत्या. वेडा राघू, नग 4, तारेवर. सातभाई, नग 6 ('नाव चुकीचे,' असा मधलीचा शेरा). सुगरणीची जुनी घरटी, नग 11, रिकामी. सरडा, नग 1, शेरा: 'आजीला बघून पळाला.' या नोंदीस सौभाग्यवतींनी हरकत घेतली; सरडा थोरल्याच्या आरडाओरड्यामुळे पळाला, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण फेरतपासासाठी ठेवण्यात आले.

दशम्या पोटात गेल्यावर मला पुन्हा वाणी फुटली. पावसाळा सरला म्हणजे या गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात, पर्जन्यमापकावर मोजलेला पाऊस जमेस धरतात, जमिनीत किती मुरला, किती अडला याचा अंदाज बांधतात, माणसांचे आणि गुरांचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढतात, आणि उरलेल्यात कोणती पिके घ्यावयाची ते गावसभेत ठरते. ऊस आणि केळी यांस थारा नाही, शेतीसाठी विंधनविहीर पाडण्यास मज्जाव. पाऊस कमी तर रब्बीचा हात आखडता, असे मी सांगत गेलो. थोरल्यास आकडे भेटले की तो स्थिर राहत नाही. गावाचे क्षेत्र सुमारे पावणेदहाशे हेक्टर आहे एवढे माझ्याकडून काढून घेऊन त्याने वहीच्या मागल्या पानावर हिशेब मांडला: एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर, सबंध गावावर एक मिलिमीटर म्हणजे 97 लाख 50 हजार लिटर. येथवर कौतुकास्पद. पण नंतर त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही आंघोळीला दोन बादल्या घेता ना?" मी बेसावधपणे होकार दिला. "वीस वीस लिटरच्या. म्हणजे गावावर पडलेल्या एका मिलिमीटरात तुमच्या 2,43,750 आंघोळी होतील. रोज एक धरली तर सहाशे सदुसष्ट वर्षं."

"पुरेत," सौभाग्यवती म्हणाल्या. "एका आंघोळीला तेवढा वेळ लागतोच यांना."

सार्वजनिक हिशेबाची ही पद्धत गावापुरती उत्तम आहे. ती कुटुंबात शिरू देऊ नये असे माझे प्रांजळ मत आहे.

आता मला माझ्या एका दुर्बलतेचा उल्लेख करणे प्राप्त आहे. मी तपकीर ओढतो. कचेरीतल्या जुन्या, कसरीने भरलेल्या दप्तरांनी लावलेली ही सवय. अंगरख्याच्या खिशात एक पितळी डबी असते, आणि विचारास धार आणावयाची झाली की बोट आपोआप तिकडे जाते. त्या हिवराखाली, ऊन चढू लागले असता, समोरच्या गवतात काहीतरी हालले. दोन लांब कान वर आले. ससा! थोरल्याने श्वास रोखला. मधलीने पेन्सिल उचलली. ससा दोन उड्या पुढे आला, बसला, आणि पुढल्या पायांनी तोंड पुसू लागला. सहा माणसे पुतळ्यासारखी निश्चल झाली. सातवा मनुष्य विचारास धार आणीत होता.

ती शिंक कोणत्या प्रकारची होती हे सांगताना मला संकोच होतो. समोरच्या डोंगरावरून तिचा प्रतिध्वनी आला, एवढे नमूद करतो. ससा, दोन तित्तर, आणि आम्हांस तोवर न दिसलेला एक भारद्वाज अशी चार जीवितांची एकाच क्षणी चार दिशांस रवानगी झाली. मधलीने काही न बोलता चारही नोंदी केल्या. सर्वांपुढे एकच शेरा होता.

चौकशी तेथल्या तेथे झाली. नशाबंदीत तपकीर येते की नाही, हा धाकटीचा प्रश्न. मी कलमाचा अर्थ लावू पाहिला: नशा म्हणजे जेणेकरून बुद्धीस भ्रम होतो ते द्रव्य, तपकिरीने बुद्धी उलट तरतरीत होते. "मघाशी मोर दिसला तो तपकिरीनंच ना?" थोरल्याने विचारले, आणि माझा बचाव संपला. डबी जप्त होऊन आजींच्या पिशवीत सरकारजमा झाली. मधलीने पंचसूत्रीला जोडून आमच्या कुटुंबापुरती दोन नवी सूत्रे मांडली, तपकीरबंदी आणि व्याख्यानबंदी, आणि ती बहुमताने मंजूर झाली. विरोधी मत एक. चिरंजीव तटस्थ राहिले असते तर मला धीर आला असता. त्यांनी दोन्ही हात वर केले होते.

दुपार गावात एका ओवरीत लवंडून काढली. तिथे शेजारी एक वयोवृद्ध शेतकरी बसले होते. त्यांच्याजवळ मी तक्रार केली की, एवढे रान राखलेत, मोर पुष्कळ म्हणता, तरी आम्हांस एकही दिसला नाही. म्हाताऱ्याने आमच्या सातजणांच्या गोतावळ्यावर, डब्यांवर, कलिंगडावर आणि शेवटी माझ्यावर नजर फिरवली.

"पाव्हणं, बोलनं थांबवा, मंग येतंय," ते म्हणाले. "त्ये काय तुमच्या कचेरीत नोकरीला हाय व्हय, पुकारा केला की हजर व्हायला?"

मी कचेरीत होतो हे यांना कोणी सांगितले, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही.

उन्हे कलल्यावर आम्ही पुन्हा डोंगराच्या पायथ्याशी गेलो. या वेळी तजवीज निराळी होती. एका बांधाच्या आडोशाला सर्वांनी ओळीने बसावयाचे, बोलावयाचे नाही, खाऊ उघडावयाचा नाही. धाकटी माझ्या मांडीवर होती, आणि तिने माझ्या तोंडावर आपला हात खबरदारी म्हणून ठेवला होता. पहिली दहा मिनिटे मला फार कठीण गेली. शाळा सोडल्यानंतर इतका वेळ मी जागेपणी गप्प बसल्याचे स्मरत नाही. मग हळूहळू ऐकू येऊ लागले. वाऱ्याने वाळल्या गवताची होणारी खसखस. दूर कोठेतरी पावशाची चढत जाणारी आणि एकाएकी तुटणारी हाक. गावात दूध घालण्याची लगबग, चरव्यांचा आवाज. एका कोतवालाने घारीचा केलेला पाठलाग. आणि मग डोंगराच्या कुशीतून ती आर्त, लांबलेली केका. एकदा. पुन्हा एकदा, अधिक जवळून.

माझ्या मांडीवरचे ते चिमुकले शरीर ताठ झाले. गवत हलले. आणि त्याच क्षणी, दिवसभर तपकिरीस मुकलेल्या माझ्या नाकात, गवताच्या कुसाने म्हणा की पूर्वसंचिताने म्हणा, एक शिंक उगम पावली.

वाचकहो, मी ती दाबली. उभ्या जन्मात एवढा पराक्रम मी केला नाही. डोळे गच्च मिटले, नाक चिमटीत धरले, तोंड उपरण्यात खुपसले, श्वास कोंडला; कानांत नगारे वाजू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही. अखेर ती ओसरली. मी डोळे उघडले तेव्हा समोर संध्याकाळचे पिवळे ऊन होते, वाट होती, गवत होते. बाकी काही नव्हते.

"आजोबा," धाकटी कुजबुजली. तिचे डोळे एवढाले झाले होते. "केवढा पिसारा होता त्याचा!"

"इकडून आला, इथं थांबला, तुमच्याकडेच बघत होता," मधली म्हणाली. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी होते. चिरंजीव, जे एरवी कशालाच चांगले म्हणत नाहीत, नुसते मान हलवीत होते. सौभाग्यवतींनी हात जोडलेले होते.

माझ्या मनात प्रथम जी भावना उद्भवली ती, कबूल करतो, संशयाची होती. सकाळच्या नैऋत्य दिशेच्या मोराचा हा सूड तर नव्हे? या सहाजणांनी कट करून, नव्हत्याचे होते करून, मला माझ्याच नाण्यात परतफेड तर केली नाही? पण सहा वर्षांच्या मुलीला डोळे एवढे मोठे खोटे करता येत नाहीत. तरीही खात्यातील जुनी खोड. मी उठून वाटेवर गेलो आणि वाकून पंचनामा केला. धुळोट्यात तीन लांब बोटांची पावले उमटली होती, एकापुढे एक, सावकाश, घाई नसलेल्या गृहस्थाची. शेवटल्या पावलापाशी धुळीवर फराट्यासारख्या बारीक रेघा होत्या, पिसारा ओढत गेल्याच्या. एक पीसही पडले असते तर बरे झाले असते, पण त्याने मागे काहीच सोडले नव्हते.

"सही करा आजोबा," मधलीने वही पुढे केली. अनुक्रमांक 23, मोर, नग 1, वेळ 6 वाजून 20 मिनिटे, दिशा पूर्वेकडून आला, पश्चिमेस गेला. शेऱ्याच्या रकान्यात धाकटीने आपल्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते: 'आजोबा शिंकले नाहीत.' आणि पानाच्या तळाशी, माझ्याच हस्ताक्षरात, ती ओळ.

मी चष्मा काढून पुसला. "मी पाहिला नाही," मी म्हणालो.

"पण होता," धाकटी म्हणाली.

थोरल्याने सकाळच्या पहिल्या नोंदीवर रेघ मारली आणि अनुक्रमांक बदलू लागला. सौभाग्यवतींनी पिशवीतून पेन काढून दिले. पेन काढताना डबी खुळखुळली, ती त्यांनी पुन्हा तळाशी दाबली. मी पेन घेतले, 'समक्ष' या शब्दावर आडवी रेघ ओढली, तिच्यावर बारीक अक्षरांत 'नातवंडांच्या सांगण्यावरून' असे लिहिले, आणि सही केली.

तारीख घालीत होतो तेव्हा ती शिंक आली.